तामायामा आजींचे फॅक्स

१२ जानेवारी २०२१, मोरिओका, जपान

आजपासून घरून काम. फॅक्स येणार ऑफिसातच, तिथल्या कॉम्प्युटरवर. तो मी इथून चालवायचा. घरं गरम ठेवायच्या रॉकेलच्या ऑर्डरी बघायच्या, टँकरवाल्याला कळवायच्या, "मिळाली" असा उलट फॅक्स पाठवायचा. ओबोनाई साहेब म्हणाले, "गिऱ्हाईकं म्हातारी आहेत, सावाईबाई. त्यांना दुसरं काही जमत नाही."

बरं म्हटलं. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते.

१३ जानेवारी

ऑर्डरी. भात. झोप.

१५ जानेवारी

डिसेंबरात आई गेली. साथीमुळे हॉस्पिटलने शेवटपर्यंत आत सोडलं नाही. मावशी फोनवर म्हणते, रडून घे एकदा. रडूच येत नाही — काय करू? दारातला बर्फ उपसला.

१८ जानेवारी

डोंगरातल्या तामायामा आजींची ऑर्डर. नवरा-बायको दोघंच, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. फॅक्स हाच त्यांचा फोन. खाली लिहिलं होतं — "ऑफिसात गारठा असेल, अंगभर घाला." ऑफिसात कुणीच नाही, हे कशाला सांगायचं? "मिळाली" एवढंच पाठवलं.

२१ जानेवारी

सकाळी आजींचा फॅक्स. अक्षर वेडंवाकडं. "हे पडले. उठत नाहीत. अँब्युलन्स बोलवा."

फोन लावला, पत्ता सांगितला. गाडी पोचल्यावर अँब्युलन्सवाल्याचा उलट फोन — दार आतून बंद आहे, बाईंना उघडायला सांगा. म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. टाईप केलं, "माणसं दारात आहेत. उघडा." पाठवलं आणि कॉम्प्युटरचा पडदा गोठला! कॉम्प्युटर तिकडे, मी इकडे. हात लावायलाही कुणी नाही. मग पडदा हलला. गेला फॅक्स.

"उघडलं," फोनवरचा माणूस म्हणाला.

फोन ठेवला. पुढची ऑर्डर बघितली.

२२ जानेवारी

आजींचा फॅक्स — आत सोडत नाहीत, हे कसे आहेत विचारून कळवाल का? हॉस्पिटलला फोन केला. तुम्ही नात्यातल्या नाही, म्हणून काही सांगेनात. नर्सने फोन ठेवायच्या आत म्हटलं, "एवढं करा. नळ्या ओढतील म्हणून त्यांचे हात बांधू नका. ते हातांनी बोलतात."

ती म्हणाली, "बांधलेत. आत्ता सोडते."

आजींना कळवलं — नर्स चांगली आहे. हात बांधले होते, ते नाही लिहिलं.

२५ जानेवारी

थंडी. टँकर उशिरा गेले. गिऱ्हाइकांची माफी मागणारे फॅक्स दिवसभर.

२७ जानेवारी

"हे काल गेले. आदल्या दिवशी नगरपालिकेतली बाई व्हिडिओ कॉलसाठी टॅबलेट घेऊन आली होती, हॉस्पिटलात दुसरा नर्सने धरला होता. आम्ही हातांनी खूप बोललो. ह्यांनी माझ्या स्वयंपाकाची थट्टा केली. तुम्ही हातांबद्दल सांगितलंत, असं नर्सने लिहून दाखवलं."

दोनदा वाचलं. जेवले नाही.

२८ जानेवारी

ऑर्डरीच्या कोऱ्या फॉर्मवर आजींना लिहिलं — माझी आईही गेली, मलाही आत सोडलं नव्हतं. कुणाला पहिल्यांदाच लिहिलं हे. लगेच उत्तर आलं, एकच ओळ. "नाव काय त्यांचं?"

"कियोए" असं टाईप केलं. मग डोळे भरले, पडदा दिसेनासा झाला.