व्ही. देवी, मुक्काम वज्रेश्वरी

भिवंडी,
शुक्रवार (उपास आहे, म्हणून अक्षर जरा अशक्त)

तीर्थरूप दाजींच्या चरणी सावळारामचा दंडवत.

आपले गुडघे कसे आहेत? आनंदीताईचा खोकला ओव्याच्या धुरीने थांबला का? आमचं इकडे देवीच्या कृपेने बरं चाललं आहे (ही कृपा पुढे पत्रात पुन्हा येईल). आपण मला चौथीत शिकवलंत आणि नंतर ताईशी लग्न करून घरातही गुरुजी झालात, त्यामुळे आपल्याला लिहिताना माझ्या तळहाताला अजून घाम येतो. पत्र लाल शाईने तपासून परत पाठवलंत तरी चालेल. फोन का केला नाही, असं आपण विचाराल. आपल्याला फोन करण्याची सोय राहिली नाही, म्हणूनच हे पत्र वज्रेश्वरीच्या गाडीने रोज जाणाऱ्या ठकुबाईच्या फुलांच्या टोपलीतून पाठवतो आहे. ओलं झालं असेल तर वाळवून वाचावं.

मी बावीस वर्षं रामनाथशेठकडे लाकडी पॅलेट विकतो (गोदामात माल जमिनीला टेकू नये म्हणून खाली घालतात त्या फळ्यांच्या चौकटी), हे आपण जाणताच. वळ आणि पूर्णा इथली निम्मी गोदामं आपल्या फळ्यांवर उभी आहेत, असं शेठ म्हणतात. गोदामवाल्यांचं तसं मत नाही. आमच्या गिऱ्हाइकांची सगळी माहिती माझ्या निळ्या वहीत असे: कोण मंगळवारी मौन पाळतो, कोणाला जेवणानंतर फोन केला की राग येतो, कोणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं (तिथे महिनाभर मालाचा विषय काढू नये). शेठची सून मेघाली पुण्याला शिकून आली आहे. तिने ही वही कौतुकाने चाळली आणि म्हणाली, "काका, उद्या तुम्ही गेलात की हे सगळं तुमच्याबरोबर जाणार!" मी म्हटलं, जाऊ दे, गिऱ्हाइकंही कधीतरी जाणारच आहेत. हे उत्तर तिला आवडलं नसावं, कारण सोमवारी सीआरएम आलं.

सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांशी संबंध सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला वेळच्या वेळी संदेश पाठवतं, त्याच्या उत्तराला गुण देतं आणि आम्हा चौघा विक्रीवाल्यांना त्या गुणांवरून रांगेत उभं करतं. तीन महिन्यांनी जो तळाला असेल त्याने विक्री सोडून वळच्या गोदामाच्या फाटकावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे, असं ठरलं. मला ट्रकचा तिटकारा नाही. पण ट्रकला मुलीचं लग्न नसतं, गुडघेदुखी नसते. त्याच्याशी बोलायचं काय?

आता माझी चूक सांगतो. नव्या वहीत पहिलं नाव देवीचं, ही आपल्याकडची रीत आपणच शिकवलीत. सॉफ्टवेअर ही वहीच, असं मी धरलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या जागी श्री वज्रेश्वरी देवी असं लिहिलं. पण या वहीला नुसत्या नावाने भागत नाही. व्यवसाय विचारला, मी 'इतर' निवडलं. निर्णय कोण घेतं, याला 'स्वतः' लिहिलं. धंदा कधीपासून, तर सन १९०० च्या आधीचं त्याला चालेना, म्हणून १९०० (देवीने क्षमा करावी). शेवटी फोन आणि पत्ता विचारून अडून बसलं. पुजाऱ्याचा नंबर परस्पर देणं प्रशस्त वाटेना. देवळाच्या सर्वांत जवळचं आमचं माणूस म्हणजे आपण, म्हणून आपला दिला.

पुढे माझे दिवस काही चांगले गेले नाहीत. पूर्णाच्या एका गोदामवाल्याचे वडील वारले. सॉफ्टवेअरने त्याला दहाव्याच्या दिवशी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा पाठवल्या. मी धावत भेटायला गेलो आणि तासभर त्याच्या शेजारी बसलो. परत आल्यावर भेटीचं कारण भरायचं होतं. यादीत 'दुखवटा' नव्हता. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून 'मालाचं प्रात्यक्षिक' निवडलं. दुसऱ्या दिवशी त्याला संदेश गेला, कालचं प्रात्यक्षिक कसं वाटलं, पुन्हा कधी ठेवू? तो मला ओळखतो, म्हणून हसला. सॉफ्टवेअरने मात्र माझे गुण कापले आणि मी तळाला गेलो.

अशा वेळी माझ्यासाठी धावून आलात ते आपण. शिक्षक माणूस कोणत्याही प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. देवीसाठीचे संदेश आपल्याच फोनवर येत होते. सॉफ्टवेअरने लिहिलं, 'बऱ्याच दिवसांत आपली भेट नाही, आम्हाला आपली आठवण येते.' आपण लिहिलंत, 'गुडघ्यांमुळे येणं होत नाही, परंतु इच्छा उत्कट आहे.' त्याने विचारलं, 'आपल्याला साधारण किती लागतील?' आपण लिहिलंत, 'एरवी आम्ही दोघंच, पण उत्सवात दोनशे पानं सहज उठतात.' त्याने दोनशे आकडा उचलला, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले आणि मी एका दुपारीत रांगेच्या शेंड्याला जाऊन बसलो. मेघालीच्या यादीत आद्याक्षर आणि आडनाव एवढंच दिसतं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बघा, या व्ही. देवी! अशी गिऱ्हाइकं आणा!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिने टाळ्या सुरू केल्या. मग वाटलं, नोंदच पुसून टाकावी. तर पुसताना गिऱ्हाईक का सुटलं ते कारण भरावं लागतं: माल निकृष्ट, दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेलं, धंदा बंद झाला. देवीच्या नावापुढे यातलं काहीही लिहायला हात धजेना. आणि आपल्याला फोन करावा, तर नोंदलेल्या नंबरवरचं प्रत्येक बोलणं साठवलं जातं आणि मेघाली ते ऐकते. तेव्हा आहे ते असं आहे. माणसाने फळाची आशा धरू नये हे खरं, पण फाटकावर सावलीसुद्धा नाही.

ताईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सावळाराम

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. येत्या मंगळवारी अकरा वाजता मेघाली व्ही. देवींना प्रत्यक्ष भेटायला आपल्या घरी येत आहे. आपण खोटं बोलावं असं मी म्हणणार नाही. चहा द्यावा आणि 'चला, त्या वरच असतात' एवढं सांगून देवळाच्या पायऱ्या दाखवाव्यात. पहिल्या भेटीला काय न्यावं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, खण, नारळ, तांदूळ. "खूप पारंपरिक आहेत का त्या?" मी म्हटलं, खूप.

ता. क. २. पाकीट चिकटवताना शेठ आले. त्यांनी यादी पाहिली, पत्ता पाहिला आणि मेघाली जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "सावळ्या, माझ्या बापाच्या वहीतबी पयलं नाव हेच हाय. देवीनं दोनशे मागितल्या न् तू गप? माल द्यायला नको?" मी म्हटलं, शेठ, ती ऑर्डर नव्हे, ती दाजींची पानं. तर म्हणाले, "पानं काय न् फळ्या काय, उत्सवाचा तांदूळ-गूळ भुईला टेकायचा न्हाय." दोनशे पॅलेट देवीला अर्पण. ट्रक मंगळवारीच निघतो आहे. पत्ता आपलाच असल्यामुळे अंगण मोकळं ठेवावं. शक्य असल्यास शेजाऱ्यांचंही.

ता. क. ३. माझ्या फाटकाचं काय, असं मी शेठना विचारलं. म्हणाले, व्ही. देवींची पोचपावती आली की बघू. तेव्हा ट्रकवाला सहीचा कागद देईल, त्यावर कृपा करून आपण सही करू नये. आपली सही सुवाच्य असते, लगेच ओळखू येईल. कागद वर नेऊन देवीच्या पायाशी ठेवावा आणि तिथल्या कुंकवाचं एक बोट त्यावर उमटवून पाठवावं. सॉफ्टवेअर हरकत घेणार नाही. रकाना रिकामा नसला की त्याला पुरतं.