दुसऱ्या साक्षीदाराची जागा

लिहून ठेवणार मी, वेताच्या खुर्च्या विणणारा, वय चौऱ्याहत्तर, स्वतःच्या हाताने लिहितो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. लेक फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, लिहायचंय तर एकदाचं लिहून टाका, रोज ऐकवू नका." याला मी दबाव मानत नाही. यापूर्वी मी केलेलं एखादं मृत्युपत्र कुणाला सापडलंच, तर ते रागाच्या भरात केलेलं असेल. ते रद्द समजावं. माझी मिळकत थोडी आहे आणि मागणं एकच आहे. ते माझ्या मेहुण्याबद्दल आहे, पण आधी घराचं उरकतो.

१. खालचं दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या ही माझी स्वकष्टार्जित स्थावर मिळकत आहे. ती माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावी. जावयाला दुकानात मोटारसायकली दुरुस्त करायच्या आहेत, असं कानावर आलं आहे. खुशाल कराव्यात. आजवर त्याने दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी ढकलत परत आली, तेव्हा निदान घराजवळ तरी ढकलता येईल. मागच्या खिडकीखालची पाण्याची टाकी मात्र फोडू नये. तिच्यात मी जन्मभर वेत भिजवला. कोरडा वेत ओढला की मोडतो, आधी त्याला भिजू द्यावं लागतं. जावयाने हे लक्षात ठेवावं, संसारातही उपयोगी पडतं.

२. बँकेत असेल ते लेकीचं. माझ्या अंत्यविधीला फुलं कमी आणि चहा भरपूर असावा.

३. टोचे, पक्कड आणि लाकडी पाचरी शेजारच्या शिंपीणबाईंना द्याव्यात. त्या माझा टोचा वर्षानुवर्षं मागून नेतात आणि परत देताना तोंड असं करतात, जणू मीच त्यांचा चोरला होता. त्यांची ही कटकट तरी संपेल. चौकातल्या फर्निचरवाल्याला काही नाही. त्याने प्लास्टिकच्या पट्ट्या वेत म्हणून विकल्या आणि लोकांनी त्यावर बसून पाठीला वळ उमटवून घेतले. ज्याच्या पाठीवर त्याचं नक्षीकाम उमटलं असेल, त्याने ते त्याला दाखवून यावं.

४. बायबल. ही प्रत माझ्या बायकोची. ती संध्याकाळी वाचायची आणि मी विणायचो. एखादं वाक्य आवडलं की ती मोठ्याने म्हणायची, मी "हं" म्हणायचो. तेवढाच माझा त्या पुस्तकाशी संबंध. ती गेल्यावर मी ते पहिल्यांदा उघडलं, तेही भक्तीने नव्हे. भांडणासाठी पुरावा हवा होता म्हणून.

भांडण तिच्या धाकट्या भावाशी, म्हणजे माझ्या मेहुण्याशी. त्याचं औषधांचं दुकान आहे. तिथे गोळ्यांच्या पाकिटाबरोबर एक म्हण फुकट मिळते. ही गेली तेव्हा तो दुकानाला कुलूप घालून माझ्याकडे राहायला आला. आठवडाभर एक शब्द बोलला नाही. चहा करायचा, माझ्यापुढे सरकवायचा आणि बसून राहायचा. आठव्या दिवशी सकाळी मात्र त्याला राहवलं नाही.

"भाऊजी, एक सांगू? जे होतं ते बऱ्यासाठीच होतं."

"ऊठ," मी म्हणालो.

"अहो, माझं म्हणणं एवढंच की..."

"ऊठ आणि चालता हो."

तो गेला. दोन गल्ल्या सोडून राहतो, पण त्यानंतर त्याने या घराचा जिना चढलेला नाही. मीही गोळ्या बाजारापलीकडून आणतो.

तर पुराव्याबद्दल. बायबलमध्ये शहाणपणाची म्हणून काही पुस्तकं आहेत. म्हणींचं पुस्तक आधी उघडलं आणि कपाळाला हात लावला. पानोपानी मेहुणाच! सरळ वागा, भलं होईल. आळस करू नका. मुंगीकडून शिका. फार बोलू नका, असंही त्यात आहे, पण ते पान त्याच्या प्रतीत नसावं. मग भेटला शेकडो राण्यांचा तो म्हातारा राजा, ज्याला सगळं वाऱ्यासारखं पोकळ वाटतं. त्याच्याशी माझं जमलं. पण मध्येच तो विचारतो की दोघं जवळ निजली तर ऊब येते, एकट्याला कशी येणार? तिथे मी पुस्तक मिटलं. एवढ्या राण्या असलेल्या माणसाला माझं अंथरूण कसं कळलं कोण जाणे.

मग ज्याचं सगळं गेलं, मुलंबाळंसुद्धा, त्या माणसाची गोष्ट लागली. त्याचे तीन मित्र येतात आणि मेहुण्याच्या थाटात त्याला समजावत बसतात. शेवटी देव रागावतो, तो त्या मित्रांवर! मी "सापडलं!" म्हणून एवढ्यांदा ओरडलो, की भिंतीपलीकडून शिंपीणबाईंनी विचारलं, "माझी कात्री का?" पुस्तक काखोटीला मारून मी औषधांच्या दुकानाकडे निघालो. चपला घालताना वाटलं, पुरावा आधी नीट वाचून घ्यावा, हा माणूस शब्दात पकडतो. म्हणून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून सुरुवातीपासून वाचायला घेतलं. घाईत एक ओळ निसटली होती. ते तिघे बोलायला लागण्याआधी सात दिवस त्याच्याजवळ बसले होते. गप्प. जमिनीवर.

मी चपला काढल्या.

आमच्या स्वयंपाकघरात दोनच खुर्च्या, एक माझी आणि एक हिची. दुकानात उभं राहून राहून मेहुण्याचे गुडघे कधीच कामातून गेले आहेत. तरी तो आठवडाभर फरशीवर बसला होता आणि हिची खुर्ची त्याच्या शेजारी रिकामी होती. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. बहिणीच्या जागेवर त्याला बसवत नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही, याची नोंद घ्यावी. तो बोलला ते चुकीचंच होतं आणि आता देवही माझ्या बाजूने आहे. गोष्टीच्या शेवटी त्या माणसाला नवी मुलंबाळं होतात, तेही मला पटलेलं नाही. बैठक नवी विणता येते, माणूस येत नाही. पण ते तिघे चुकीचं बोलले तरी आले होते. बाकीचं गाव कुठे होतं?

शहाणपणाच्या या पुस्तकांत एक प्रेमाचंही आहे. ते तिथे कुणी घातलं माहीत नाही, पण योग्य जागी घातलं. त्यातली बाई आपल्या माणसाला रस्तोरस्ती शोधत फिरते. ते मी एकदाच वाचलं. मला माझी बायको हवी आहे. इतकी वर्षं झाली तरी हवी आहे, आणि हे कुठल्या कलमात बसतं ते मला ठाऊक नाही. तिचं हसणं आधी नुसता श्वास असायचं, मग नाकातून एक बारीक शिट्टी आणि मग सगळं घर. तसं हसणारा आता जगात एकच माणूस उरला आहे. एकदा बाजारातून येताना त्याच्या औषधांच्या दुकानातून ते ऐकू आलं. मी रस्त्याच्या मध्येच उभा राहिलो. एक सायकलवाला शिव्या देऊन गेला, तरी हललो नाही.

बायबल लेकीला द्यावं.

५. हिची खुर्ची. ती मी गेल्या महिन्यात नव्याने विणली. दोनदा उसवावी लागली. माझ्या पश्चात ती मेहुण्याला द्यावी, असं इथे लिहिलं होतं. लेकीने ते वाचलं.

"बाबा, म्हणजे मामा त्या खुर्चीवर बसेल तेव्हा तुम्ही नसणार?"

"मृत्युपत्र असंच असतं."

"मग काय उपयोग?"

सबब कलम पाच खोडलं आहे.

६. वकील सांगतात, दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर हा कागद रद्दीत जमा. शिवाय ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं, त्याने साक्षीदार होऊ नये. खुर्ची खोडल्यामुळे मेहुण्याला आता काहीच मिळत नाही, म्हणून तो साक्षीला चालतो. दुसरा कुणी मला चालणार नाही. लेकीला घर हवं असेल तर तिने मामाला घेऊन यावं.

त्याने हिच्या खुर्चीवर बसावं, फरशीवर नव्हे. चहा होईपर्यंत गप्प बसावं. चहानंतर एखादी म्हण म्हटली तर माझी हरकत असेल, पण मी "ऊठ" म्हणणार नाही. मग हा कागद त्याने पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचावा. जावयाच्या मोटारसायकली, शिंपीणबाईंची कात्री आणि फर्निचरवाल्याचं नक्षीकाम मी त्याच्यासाठीच घातलं आहे. वाचताना हसू आलं तर दाबू नये. मला ते ऐकायचं आहे.

लिहून ठेवणार: सही केली आहे.

साक्षीदार पहिला: डॉक्टर. सही केली आहे. पुन्हा यायला तयार आहेत.

साक्षीदार दुसरा:

ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीजवळचं टेबल.

तारीख: दुसरा साक्षीदार येईल ती. उशीर करू नये.