आमच्या धंद्यातला टाका

प्रिय सोन्या,

ऑफिसात तुला सगळे साहेब म्हणतात, ठाऊक आहे मला. पण साहेबाला पत्र लिहायचं तर आधी अर्ज करावा लागेल, म्हणून सोन्याच. अक्षर बघून दचकू नकोस. शेजारच्या शिंपीणबाई लिहितायत, मी सांगतेय. फोनवरच का नाही बोललीस असं विचारशील. फोनवर तू मध्ये मध्ये 'हो हो आई, ऐकतोय' म्हणतोस आणि तेवढ्यावरून मला कळतं की ऐकत नाहीयेस. कागदाला मध्ये बोलता येत नाही. बाईंना बजावलंय, माझं बोलणं आहे तसं उतरवायचं, कापडासारखं आतून दुमडून छोटं करायचं नाही. त्या हसतायत. हसू देत, हात चालू आहे तोवर माझी हरकत नाही.

आधी तब्येत सांगते, नाहीतर तुझा सगळा जीव तिकडेच. मनगट बरं आहे. प्लास्टर निघालं. डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दाबायला सांगितलाय, मी पक्कड दाबते, व्यायामाचा व्यायाम आणि कामाचं काम. मी पायऱ्यांवरून पडले तेव्हा तू नेमका इथे होतास, हे चांगलं झालं की वाईट ते अजून ठरलेलं नाही. मला उचलून वर आणताना धाप तुलाच जास्त लागली होती. 'एवढ्या उंच पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार, आणि धरायला साधा कठडा नाही,' असं तू मला सांगत होतास, गटाराला सांगत होतास, बघायला जमलेल्या लोकांनाही सांगत होतास. मग दवाखान्यात म्हणालास, 'बास झालं आता, तू माझ्याकडे चल.' त्या वेळी माझ्या तोंडात थर्मामीटर होता, म्हणून उत्तर राहून गेलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, म्हातारी किती शहाणी आहे, मुलाला उलटून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारभर तू मागच्या शेडमध्ये होतास. मी पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते. हा पाइप सरकला, ती पत्र्याची पेटी ओढली, आता काहीतरी पायावर पडलं आणि तू कोणाला तरी शिवी दिलीस. मला बरं वाटत होतं. बाबा गेल्यापासून तू त्या शेडच्या दारातून आत आला नव्हतास. निघताना बूट घालता घालता, फोन कानाला लावून तू मला म्हणालास, 'आई, शेडमध्ये सगळं खडूने लिहून ठेवलंय, तसं होऊ दे.' आणि गेलास. आईला वाचता येत नाही हे तू विसरलास. मला राग नाही आला. उलट वाटलं, बघा, साहेबांनी मला शिकलेल्यांत धरलं.

आता एक गोष्ट नीट समजून घे. मला अक्षर येत नाही, पण एक शब्द मी ओळखते. तुझे बाबा कारखान्यात जायच्या आधी शेडमध्ये वेल्डिंगचे सगळे तुकडे मांडून ठेवायचे, आणि जिथे जिथे जोड यायचा तिथे खडूने 'टाका' लिहून जायचे. म्हणजे मी दिवसा तिथे नुसता एक ठिपका मारून तुकडे जागच्या जागी बसवायचे, आणि संध्याकाळी येऊन ते पूर्ण शिवण भरायचे. फुली मारली तरी चाललं असतं. पण ते म्हणायचे, फुली चुकीच्या गणितावर मारतात, कामावर नाही. म्हणून मी तो शब्द चेहऱ्यासारखा लक्षात ठेवला. पुढे पोट काढून बसलेलं एक अक्षर, त्याच्या शेजारी काठी, मग दोन्ही बाजूंना कान असलेलं एक, आणि परत काठी. पुढे बाबांची नजर गेली, शिवणही मीच भरायला लागले. तरी खडूने लिहिणं त्यांनी सोडलं नाही, आणि मला सांगायचं धाडस झालं नाही की लिहिलेलं आता जोडावर नसतं, बाजूला कुठेतरी असतं.

तर मी उठता आलं तशी शेडमध्ये गेले. आणि बघते तर काय, सगळीकडे तोच शब्द. पाण्याच्या जुन्या पाइपांवर टाका. खिडकीच्या काढलेल्या गजांवर टाका. तुझ्या शाळेच्या सायकलच्या हँडलवर टाका, झोपाळ्याच्या कड्यांवर टाका. मी तिथल्या स्टुलावर बसले. म्हटलं, पोरगं बोललं नाही काही, पण आईचं काम मांडून गेलं. आणि काम कशाचं, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. आदल्या दिवशी तूच तर कठडा कठडा करत होतास, आणि लिहिलेल्यातलं बहुतेक सगळं लांब आणि सरळ होतं. भोक पडलेल्या बादलीवरही टाका होतं, तेव्हा जरा थबकले. पण म्हटलं, बापावर गेलाय, असेल काहीतरी डोक्यात. वेल्डिंगच्या मशीनवरही लिहिलं होतंस. मशीन कशाला जोडायचं? वाकून पाहिलं, तर अर्थिंगची वायर खरंच सुटत आली होती. केवढं कौतुक वाटलं तुझं. शिंपीणबाईंना म्हटलं, बघा, ऑफिसात बसून बसून सुद्धा त्याची नजर गेली नाही.

बाईंनी खडूचं वाचलं, पण त्याही काही बोलल्या नाहीत. आता त्या म्हणतायत, मला वाटलं तुमचं आपसात ठरलं असेल. त्यांचं तरी काय चुकलं. त्यांच्याकडेही टाका म्हणजे दोन कापडं एकत्र आणणं. आम्हा दोघींच्या धंद्यात त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी सुरू केलं. गंज घासायलाच किती वेळ गेला. पाण्याच्या पाइपांवर जस्ताचा थर असतो, तो जाळला तर पांढरा धूर होऊन छातीत बसतो, म्हणून टोकं आधी ग्राइंडरने उघडी केली, तोंडाला फडकं बांधून, दार उघडं ठेवून. हे तुझ्या बायकोसाठी सांगतेय, तिला काळजी असते. डावा हात अजून कच्चा होता, डोळ्यांपुढे काळी काच धरायला जड जायची. मग बाईंनी मला डोक्याला बांधायचा पट्टा शिवून त्यात काच बसवून दिली. आरशात बघितलं तर मी चोर दिसत होते, पण चांगल्या घरातली. बाईंनी त्यांच्या जुन्या शिलाई मशीनचा पायाही दिला, खालच्या खांबासाठी. तो मी ऐटीत जोडला आणि सकाळी टक्कन तडकला. बीड होतं ते, ओतीव लोखंड, साध्या रॉडने नाही ऐकत. बाबा असते तर आठवडाभर चिडवलं असतं. मग नटबोल्टने आवळला. कोपऱ्यावरच्या गवंड्याने पायऱ्यांच्या दगडांत भोकं पाडून खांब सिमेंटने बसवून दिले, त्याच्या बदल्यात मी त्याची तुटलेली थापी सांधून दिली. वरच्या घरातल्या तक्रारकाकांनी दोनदा येऊन सांगितलं की तुमचं मशीन चालू झालं की आमचा दिवा मिचमिचतो. मी म्हटलं, तुम्हाला डोळा मारतो तो, या वयात कोण मारतंय, घ्या मारून. त्यानंतर आले नाहीत. पण वरच्या अंगाचा कठडा उभा राहिल्यावर पहिले तेच उतरले. सायकलच्या हँडलला धरून, तोंड वाकडं करून.

हँडल वर सुरुवातीला लावलंय, हाताला बरोबर बसतं. बादली मधल्या वळणावर, पिशवी ठेवून दम खायला. मला तेव्हा वाटलं होतं, तू याच्यासाठीच ती निवडली होतीस.

मग भंगारवाला आला. हातगाडी खाली रस्त्यावर लावून तो पायऱ्या चढून आला, कठड्याला धरूनच आला, आणि मला म्हणाला, 'मावशी, साहेबांचा फोन होता. खडूने टाका लिहिलंय ते सगळं उचलायचं आणि शेड मोकळी करून द्यायची. कुठाय माल?' तो शेडमध्ये डोकावला, बाहेर आला, खाली बघायला लागला. पाइपांवरचा खडू अजून सगळा पुसला गेला नव्हता. तो एकेक पायरी उतरत वाचत गेला, टाका, टाका, टाका. मग वळणावर थांबला, बादलीकडे बघितलं, आणि खो खो हसायला लागला. त्याच्या हसण्यातूनच मला तुझ्या शब्दाचा अर्थ कळला, सोन्या. कळायला वेळ नाही लागला, बसायला जागा लागली.

बाई इथे थांबल्या आहेत. म्हणतायत, हे जरा मऊ करून लिहू का. नाही. जसं आहे तसं लिहा.

भंगारवाला भला माणूस. म्हणाला, 'जे रोवलं गेलं ते मी उपटणार नाही, माझी आई पण याच पायऱ्या चढून तुमच्याकडे यायची. पण ते मशीन तेवढं साहेबांनी मुद्दाम सांगितलंय.' मी उठले. मशीनवर तो शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात होता, तू अगदी दाबून लिहिला होतास. मी पदराचं टोक ओलं केलं आणि पुसला. आधी पोटवालं अक्षर, मग काठी, मग कानवालं, मग दुसरी काठी. मला लिहिता येत नाही, पण पुसायला कुठे शिकावं लागतं? मग त्याला म्हटलं, बघ बाबा, तू तर वाचणारा आहेस, इथे काही लिहिलंय का? तो म्हणाला, नाही मावशी, काहीच नाही. चहा प्यायला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. तुला त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. तुझा फोन त्या दिवसापासून आलेला नाही, त्यावरून अंदाज आहे.

तुला वाटतं, आई पडली. पडले. कठडा नव्हता म्हणून पडले, म्हातारी आहे म्हणून नाही. म्हातारी मी त्याच्या आधीपासून होते. ज्या पायरीवर पडले तिथे आता मी स्वतः भरलेली शिवण आहे, आणि मी रोज तिथूनच बाजारात जाते. गल्लीतल्या बाया जातायेता मोडक्या खुर्च्या, निखळलेली दारं आणून ठेवतात. मी दहा मजले वर, लिफ्टच्या डब्यात बसून, तुमच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या मोजायला येणार नाही. नातीला भेटायला येईन, राहीन, तिच्या वेण्या घालीन आणि परत येईन. शेड मोकळी होणार नाही. मशीन विकलं जाणार नाही. परत खडू घेऊन आलास तर खडू दारात काढून ठेवायचा, बुटांसारखा. आणि माझ्यावर प्रेम आहे म्हणून हे केलंस हे मला सांगायची गरज नाही. ठाऊक आहे. म्हणून तर पत्र लिहितेय, नाहीतर तिथे येऊन कान धरला असता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कठडा वळणापर्यंतच झालाय. खालच्या पायऱ्या अजून उघड्या आहेत आणि माझ्याकडचा पाइप संपला. परवा तुझ्या बायकोशी बोलले. तिच्या तोंडून निघून गेलं की तू माझ्यासाठी आतली खोली रंगवून घेतलीस, माझ्या पाठीला बरी म्हणून लोखंडी खाट आणलीस, आणि ती अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आहे. मी तिला खोदून खोदून विचारलं, पाइप जाड आहे का, ठोकला तर भरीव वाजतो का. तिने ठोकून ऐकवला. उत्तम पाइप आहे, सोन्या. तुला लहानपणापासून चांगली वस्तू ओळखता येते. तर ती खाट सोडव, स्क्रूवर आहे म्हणे, आणि उशाचा आणि पायथ्याचा भाग इथे घेऊन ये. टेम्पोने पाठवू नकोस, स्वतः ये. खालचा उतार तिरपा आहे, आणि मी टाका मारेपर्यंत पाइप दुसऱ्या टोकाला कोणीतरी धरून उभं राहावं लागतं. जुने कपडे घालून ये, ठिणग्या उडतात.

तुझीच,
आई
(आणि तुझ्या लेकीची ठिणगीआजी)