साटिनची टोपी

प्रिय मम्मा,

आमच्या कार्टूनमधल्या काळ्या नायिकेला मी काल चित्रात झोपवलं. शहर वाचवून दमलेली पोर. कुरळे केस घासून तुटू नयेत म्हणून तिने साटिनची टोपी घातली, मगच उशीला डोकं टेकलं. आज चित्र पाहून आमचा दिग्दर्शक ग्रेग म्हणाला, "डेजा, ही अंघोळीची टोपी कशाला? गादीत पूर आलाय का?" सगळे हसले.

"आम्हा काळ्यांच्या घरात मुली अशाच झोपतात," मी म्हटलं.

"लोकांना ती आजारी वाटेल गं. केस छान उशीवर पसरू देत. संध्याकाळपर्यंत जमत नसेल तर दुसरं कुणी करेल."

मग कार्टूनच्या शेवटी येणाऱ्या यादीतून माझं नावही जाईल. पडद्यावर नायकाच्या मागे उभी राहून पहिल्याच स्फोटात मरणारी आपली माणसं कधीतरी घरी येऊन निवांत झोपावीत, एवढ्यासाठीच मी शिकून इथे आले. आणि तू चर्चमधल्या सगळ्या बायकांना लेकीबाळींसकट कार्टून बघायला बोलावून बसलीस! म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही.

संध्याकाळ झाली. मम्मा, तापाने फणफणले होते तेव्हाही तू मला उघड्या डोक्याने झोपू दिलं नाहीस. मग हिला मी तशी कशी झोपवू?

तुझीच,
डेजा