कापलेला वन्स मोअर

मी, मथुरा विठोजीराव लाड, वय वर्षे ७७, व्यवसाय नाटकात गाणे, राहणार राजाजीनगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. दबावाखाली मी जन्मात काही केलेले नाही, हे घरचे शपथेवर सांगतील. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. मैत्रेयी यांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगून दुसऱ्या अंकातले संवाद, सगळ्या पात्रांचे, म्हणायला घेतले. सहाव्या पानाला त्यांनी सही केली.

१. आमचे लोक साडेतीनशे वर्षांपूर्वी या गावात आले, पण राहते घर मी गाऊन बांधले. मराठी मंडळात राणी, कन्नड कंपनीत राणी आणि घरी पाणी भरायला मीच. हे घर माझा मुलगा रघुजी याला मिळावे. अट एकच, पुढच्या खोलीची लाल फरशी उखडू नये. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून आला की तो रोज टाइल्सचा विषय काढतो. त्या फरशीवर पन्नास वर्षे तालमी झाल्या आहेत. टाइल्सवर आवाज घुमतो आणि म्हातारी माणसे पडतात.

२. दागिने सून भव्या हिला. खरे आणि नाटकातले वेगवेगळ्या डब्यांत आहेत. नाटकातले जास्त चमकतात, एवढे ध्यानात ठेवावे. दोन अंकांच्या मधे चार मिनिटांत नऊवारी नेसवणारी अशी दुसरी मी पाहिली नाही. तोंडाने कधी म्हटले नाही, म्हणून इथे लिहिते.

३. माझे यजमान कै. विठोजीराव माझ्या प्रत्येक प्रयोगाला तिसऱ्या रांगेत असत, पण ‘वन्स मोअर’ म्हणून एकदाही ओरडले नाहीत. “घरच्यांचा वन्स मोअर धरायचा नसतो,” असे त्यांचे म्हणणे. मी हे प्रत्येक शिष्याला शिकवले. त्यांचा कोट कपाटात आहे. तो कोणाला देऊ नये, माझ्याबरोबर जाळावा.

४. पायपेटी रत्नाकररावांना, भाता दुरुस्त करून. बत्तीस वर्षे त्यांनी मला साथ केली. जेवणानंतर त्यांची लय बसते, हे माझे मत कायम आहे. परंतु अकरा वर्षे मी गावभर सांगत आले, की त्यांनी पुढच्या प्रवेशाचे सूर आधीच धरले म्हणून माझा शिष्य निहार याचा वन्स मोअर कापला गेला. ते खोटे आहे. त्यांचे हात तेव्हा पेटीवर नव्हतेच. त्यांनी मला कधी जाब विचारला नाही, आणि मी त्याचा फायदा घेतला.

५. खरे काय झाले ते असे. निहार पुण्याहून नोकरीला आलेला, कोरमंगलाच्या पीजीत राहणारा मुलगा. सहा वर्षे दर रविवारी दोन बस बदलून माझ्याकडे शिकायला येई. त्या प्रयोगात तो युवराज होता आणि मी राजमाता. त्याचे पद संपले आणि सगळे थिएटर ‘वन्स मोअर’ म्हणून उठले. त्याचा पहिलाच. असा पुकारा झाला की राजा असो की भालदार, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे आणि पद पुन्हा व्हायचे, हा आमचा कायदा. मी विंगेत उभी होते. माझ्या पदाला त्या दिवशी नुसत्या टाळ्या पडल्या होत्या. मी सरळ रंगमंचावर गेले आणि माझे वाक्य घेतले. “युवराज, वेळ थोडा आहे.” थिएटर गप्प झाले. निहारने उत्तराचे वाक्य बिनचूक म्हटले, पुढचा अंकही बिनचूक केला, माझ्या पाया पडला आणि गेला. पुन्हा माझी पायरी चढला नाही.

मला मत्सर वाटला. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

६. निहारला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही, साधा चमचासुद्धा नाही. ज्याच्या पदरी काही पडते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे फाटे फुटतात, असे वकील स्मिता म्हणाल्या. शिवाय साक्षीदाराला समोर बसावे लागते, फोनवर चालत नाही, असेही म्हणाल्या. ही दोन वाक्ये मला फार आवडली. दुसरा साक्षीदार निहारच असेल. निरोप वकिलांकडून गेला आहे. माझा फोन त्याने घेतला नसता.

रघुजी म्हणतो, “शेजारचे हयवदनराव आहेत की, अम्मा. एक सही तर करायची. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर.” करणार नाही. निहार आला नाही तर मी सही करणार नाही, आणि घराच्या कागदांसाठी रघुजीने खुशाल कचेऱ्यांचे उंबरे झिजवावेत.

७. शोकसभेत ‘रंगभूमी पोरकी झाली’ असे कोणी म्हणू नये. तिला आईबाप पुष्कळ आहेत. नांदी म्हणावी, ती काळी चारच्या पट्टीतच. ज्याला झेपत नसेल त्याने टाळ धरावा.

८. हे कलम सहीच्या आधी, वकीलबाई नको म्हणत असताना, हाताने लिहिले आहे.

निहार साडेदहाला आला. कानाजवळचे केस पिकलेत. चपला काढून दारातच उभा राहिला.

“कुठे सही करायची, अक्का?”

“आधी ते पद म्हण.”

“आता आवाज नाही राहिला.”

“किती राहिलाय ते मी सांगेन. उभा राहा फरशीवर.”

साथीला बोलावलेल्या रत्नाकररावांनी आपल्या हातपेटीवर सूर धरला. निहार गायला. दुसऱ्या ओळीला घसरला, सावरला, आणि मग अंतरा असा घेतला की भव्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. पद संपले. मी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, “वन्स मोअर!” आणि जागची हलले नाही.

तो म्हणाला, “घरच्यांचा वन्स मोअर धरायचा नसतो, अक्का.”

आणि पद पहिल्यापासून गायला.

स्थळ: राजाजीनगर, बेंगळुरू. दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५. सही अकराला ठरली होती, ती दुपारी एकला झाली.

(सही) मथुरा विठोजीराव लाड

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. साक्षीदार:

१. (सही) डॉ. मैत्रेयी घोरपडे, राहणार राजाजीनगर

२. (सही) निहार आगाशे, राहणार कोरमंगला, रविवारी राजाजीनगर