तंबाखूच्या पुडीचा कागद

बलभीम,

शाळेतल्या, पोरांच्या मनातलं ऐकून घेणाऱ्या बाईंनी तुझ्या लेकीला त्यांच्यापाशी बसवायला तुझ्या सहीसाठी कागद धाडला, अन् तू त्यात तंबाखूची पुडी बांधलीस. ही कुठली अक्कल? निकिता महिनाभर धड जेवत न्हाय, वर्गात रडत बसती. बाईंकडं धाडली तर लोक येडी म्हणतील, म्हणतोस. तुझी थोरली बहीण अशीच न जेवता गप बसायची. तवा म्या लोकांचं ऐकलं. आज तिच्या फोटूला हार हाय.

त्या कागदावर म्याच सही केलीय. निकिताला घेऊन जीपनं लोहाऱ्याला, शाळेत चाललीय. भाकरी टोपल्यात हायत.

म्हशीनं एक येळ वैरण सोडली की ढोराच्या डॉक्टरला फोन लावतोस. लेकीला म्हशीइतकी तरी किंमत दे, बलभीम.

आई