उजवीकडची वाट

६ मार्च २०१६
गेवराईपासून टँकरच्या मागेमागेच आले. सगळे फार अगत्याने वागतात. मोहनराव आप्पा उपसा सिंचन संस्थेचे चेअरमन. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली आहे; वाचा-उपचारासाठी मला बोलावलंय. महिनाअखेरच्या सभेत नव्या चेअरमनपदासाठी मुलाच्या, सुंदररावांच्या नावाला त्यांनी ‘मंजूर’ म्हणावं, एवढंच मला करून घ्यायचं आहे. आप्पांचं सगळं बघणाऱ्या भामाबाईंनी स्वतःच्या घागरीतलं पाणी मला हातपाय धुवायला दिलं. लाजल्यासारखं झालं.

१० मार्च
भामाबाईंना समजावलं. मेंदूत पांढऱ्या तंतूंच्या वाटा असतात. आप्पांची डावीकडची, बोलण्याची, तुटली आहे. उजवीकडची, गाण्याची, शाबूत आहे. म्हणून शब्द सुरात म्हणायचा आणि डाव्या हाताने ठोका द्यायचा. आईने मला घरी पाढे असेच परातीवर ठोके देत शिकवले. पलंगाच्या लोखंडी दांडीवर ठोका पडताच आप्पा रडू लागले. मी घाई केली का? भामाबाई म्हणाल्या, “रडू द्या ताई. दुपारचं मी घेते त्यांच्याकडून.”

१९ मार्च
आप्पा बोलले! ‘मंजूर’ नाही, ‘झाकण काढा’. पाणी हवं तरी तेच, नको तरी तेच. या आजारात असं एखादं वाक्य तोंडात बसतं. मी आनंदाने सुंदररावांना सांगितलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग विचारलं, कुणी शिकवलं? दुसऱ्याचं श्रेय आपण घेऊ नये, म्हणून भामाबाईंचं नाव सांगितलं.

२० मार्च
भामाबाईंनीच आज सांगितलं. मागच्या दुष्काळात त्यांचे मालक, धुळाजी, संस्थेचे व्हॉल्व्ह बघायचे. पाणी चोरून आप्पांच्या उसाला जातं, हे ते सभेत बोलणार होते. ते हौदात उतरले असताना आप्पांनी लोखंडी झाकण लावून पाणी सोडलं. “मला धरून ठेवलतं. त्ये आतून ठोकत हुते. झाकण काढा म्हनत हुते. आप्पांनी ऐकलं, मीबी ऐकलं. आता समद्या गावाला ऐकू द्या.”
आणि सूर माझा होता.

२४ मार्च
भामाबाई नाहीत. सुंदरराव म्हणतात, आष्टीला बहिणीकडे गेल्या. त्यांच्या चपला हौदापाशी पडल्या आहेत.
आप्पांचा उजवा हात — तो हलूच शकत नाही — दांडीवर ठोके देतोय.

२९ मार्च
सभा. मला खोलीत कोंडलंय. कर्ण्यावरून सुंदरराव — आप्पा, मंजूर म्हणा — मग ठोके. आईचा पाढ्यांचा ठेका.
आप्पांच्या तोंडून बाईचा आवाज. ‘मलाबी काढा.’
लोक पळतायत. सुंदरराव ओरडतायत, पाणी, पाणी —
गावात थेंब नाही. माझ्या दाराखालून पाणी येतंय.
ठोके आता दारावर.
भामाबाई, मला ठाऊक नव्हतं. मी नुसतं तुमचं नाव —